यवन म्हणजे नक्की कोण?

आमचं नाते गाव महाडहून रायगडाकडे जाणाऱ्या रस्त्यावर. इथे इतिहास पुस्तकातून कमी आणि एसटीत, टपरीवर जास्त ऐकू येतो, आणि त्यात 'यवन' हा शब्द हमखास असतो. मराठीच्या तासाला एका मुलीने विचारलं, "सर, यवन म्हणजे आपणच ना?" याच मुलांना उर्दूच्या तासाला मी 'यूनान' म्हणजे ग्रीस असं शिकवलं होतं. हे दोन शब्द सख्खे भाऊ आहेत आणि त्यांच्या घराण्याचा मूळपुरुष ग्रीक पुराणकथेतलं एक टाकून दिलेलं पोर आहे.

त्याचं नाव आयॉन. इ.स.पूर्व पाचव्या शतकातल्या युरिपिडीस या नाटककाराने त्याच्यावर नाटकच लिहिलं आहे. अथेन्सची राजकन्या क्रेउसा हिला अपोलो देवापासून मूल होतं. लोकलज्जेपायी ती ते टोपलीत घालून गुहेत सोडते. पोर डेल्फीला अपोलोच्या मंदिरात पोचतं आणि तिथेच झाडलोट करत, पाखरं हाकलत वाढतं. पुढे क्रेउसा आणि तिचा परदेशी नवरा झूथस अपत्यासाठी डेल्फीला येतात. झूथसला कौल मिळतो, बाहेर पडताना पहिला भेटेल तो तुझा मुलगा. भेटतो आयॉन. झूथस म्हणतो, अथेन्सला चल. पोरगा मात्र कचरतो. अथेन्सचे लोक स्वतःला त्याच मातीतून उगवलेले समजतात; परक्या बापाचा, आईचा पत्ता नसलेला मी तिथे कसा खपणार? क्रेउसाही त्याला बाहेरचा समजून विष द्यायला निघते. शेवटी टोपलीवरून ओळख पटते. ज्याला परका म्हणून मारायला निघाली, तो तिच्याच पोटचा, अथेन्सच्याच राजरक्ताचा!

या आयॉनला आयोनियन ग्रीकांनी आपला पूर्वज मानलं. अर्थात नाव आधीचं, वीर नंतरचा. जमातीच्या नावावरून पूर्वज बेतायची रीत जगभर आहे.

आयोनियन लोक आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावर राहत. त्यामुळे पूर्वेकडच्यांना ग्रीक म्हणून आधी तेच भेटले, आणि सगळ्या ग्रीकांना त्यांचंच नाव पडलं. इराणच्या दारयवहूच्या बेहिस्तून शिलालेखात 'यौन', तौरातमध्ये हजरत नूह (अ.) यांच्या एका नातवाचं नाव 'यावान', अरबीत 'यूनान', संस्कृतात 'यवन', प्राकृतात 'योन'. अशोकाच्या तेराव्या शिलालेखातला अंतियोक हा 'योन' राजाच.

आपल्या सह्याद्रीत तर हे यवन दानशूर म्हणून भेटतात. कार्ल्याच्या चैत्यगृहातले अनेक खांब धेनुकाकटच्या यवनांचं दान आहेत. जुन्नरच्या लेण्यांत इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दिली, चिट नावाच्या दुसऱ्याने भिक्षुसंघाला भोजनमंडप दिला. नाशिकच्या लेण्यात मात्र गौतमीपुत्र सातकर्णीला शक-यवन-पल्हवांचा संहारक म्हटलंय. म्हणजे लढाईही होती आणि देवघेवही.

मग हा शब्द आम्हाला कधी चिकटला? ग्रीक गेले, पण 'पश्चिमेकडून आलेला परका' या अर्थाने शब्द मागे राहिला आणि पुढे आलेल्यांना लागत गेला. सतराव्या शतकात कवींद्र परमानंद 'शिवभारत' लिहितो तेव्हा आदिलशाहीकडच्या मुसलमानांना यवन म्हणतो. परमानंदावर माझा राग नाही. तो संस्कृतात लिहीत होता, हा शब्द त्याला तयार मिळाला. राग येतो तो आजच्या लिहिणाऱ्यांचा. 'आदिलशाही फौज' असं सरळ लिहिता येत असताना ते 'यवनांची फौज' लिहितात. त्या फौजेत मराठे सरदारही होते, हे त्या एका शब्दाने पुसलं जातं, आणि पिढ्यान्‌पिढ्या इथे भात लावणाऱ्या घरातल्या लेकराला वाटतं, हे माझ्याबद्दल चाललंय.

खऱ्या यवनांशी मुसलमानांचा संबंध आला तो ग्रंथांतून. बगदादमध्ये ग्रीक पुस्तकांचे अरबी तर्जुमे झाले; हिपोक्रेटिस बुकरात झाला, गेलन जालीनूस, ॲरिस्टॉटल अरस्तू. हकीमसाहेबांच्या औषधाला आपण आजही 'युनानी' म्हणतो, ते त्यामुळे. आणि प्लेटो, आयॉनच्या अथेन्सचाच माणूस, तो झाला अफलातून. हे नाव फारसी-उर्दूतून मराठीत इतकं मुरलं, की पाचाडला पिठलं-भाकरी खाऊन गडावर निघालेला माणूस तृप्त होऊन 'अफलातून!' म्हणतो, तेव्हा एका यवनाचं नाव घेतोय हे त्याच्या गावीही नसतं.