आजीची बरणी

कुपवाडच्या बोअरच्या पाण्यात मीठ कालवून मी ठेवलेलं समुद्रपुष्प तीन आठवड्यांत विरघळलं. दोष माझाच, टाकी मुरायच्या आतच ते आणलं. त्यानंतर ‘ग्रॅनी’ची, म्हणजे आजीची गोष्ट वाचली. १८२८ मध्ये जॉन डॅलिएल यांनी स्कॉटलंडच्या नॉर्थ बेरिक किनाऱ्यावरून एक समुद्रपुष्प एडिंबरोला आणून काचेच्या बरणीत ठेवलं. ना पंप, ना फिल्टर. समुद्राचं पाणी तेवढं वेळच्या वेळी बदललं जाई. १८५१ मध्ये डॅलिएल वारले. बरणी दुसऱ्याकडे, मग तिसऱ्याकडे गेली. आजी १८८७ पर्यंत जगली!

त्यांना समुद्र जवळ होता. माझ्या वाटेत सह्याद्री आहे. आता आरओचं पाणी, मीठ मोजून. जिवाणू रुजावेत म्हणून चार महिने टाकी नुसतीच चालू आहे. आई विचारते, ‘‘यात आहे तरी काय?’’