घटस्थापनेचे बी, मार्गशीर्षाचे फूल

टिटवाळा म्हटले की महागणपती आणि अंगारकीची रांग आठवते. कल्याणहून कसाऱ्याकडे जाताना शहाड, आंबिवली मागे पडले की काळू नदीकाठचे हे गाव येते. एके काळी सभोवती भाताची खाचरेच होती; आता त्यांच्या शेजारी इमारती उभ्या आहेत. नव्या घरांना गॅलऱ्या आल्या आणि तुळशीशेजारी फुलांचे एखादे झाड असावे ही हौसही आली. ती बहुधा रोपवाटिकेतून आणलेल्या फुललेल्या रोपावरच भागते. बी पेरण्यापर्यंत फार थोडे जण जातात. वाचकांनी तिथवर जावे, आणि सुरुवात झिनियापासून करावी, असे मला मनापासून वाटते.

झिनिया मूळचा मेक्सिकोचा. गटिंगेनचे शरीरशास्त्रज्ञ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ योहान गॉटफ्रीड झिन यांचे नाव लिनियसने १७५९ साली या प्रजातीला दिले. त्याच वर्षी, अवघ्या ३१व्या वर्षी, झिन वारले. डोळ्यातले भिंग जागेवर धरून ठेवणाऱ्या तंतूंनाही त्यांचेच नाव आहे. फूल परदेशी म्हणून कोणी संकोच करू नये. ज्याच्याशिवाय आपला दसरा होत नाही तो झेंडूही मेक्सिकोचाच, आणि झिनियाच्याच कुळातला.

नवख्याने झिनिया का निवडावा? बी चिमटीत सहज धरता येते. उबदार हवेत चार ते सात दिवसांत ते उगवते आणि साधारण साठ-सत्तर दिवसांत फूल येते. माझा खरा आग्रह मात्र पेरणीच्या मुहूर्तासाठी आहे. घटस्थापनेला आपल्या घरोघरी मातीत धान्य पेरले जातेच. त्याच दिवशी एका कुंडीत झिनियाही पेरावा. आश्विन शुद्ध प्रतिपदेपासून मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेपर्यंत दोन चांद्रमास, म्हणजे सुमारे ५९ दिवस होतात. फुलांचे भाव चढलेले असतात त्या मार्गशीर्षातल्या गुरुवारांच्या सुमारास तुमच्या गॅलरीत झिनिया उमलू लागतो. आपले पंचांग आणि मेक्सिकोचे हे झाड यांचा असा मेळ बसतो, याचे मला फार अप्रूप आहे.

या मुहूर्तामागे हवामानाचे कारणही आहे. आपल्याकडच्या मुसळधार पावसात झिनियाची पाने ओली राहतात, त्यांवर ठिपके पडतात. दमट, कोंदट जागी भुरी येते. घटस्थापनेपर्यंत पाऊस ओसरत आलेला असतो. ओलाव्याची ही अडचण अंतराळातही सुटलेली नाही. २०१५च्या अखेरीस आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकातल्या झिनियांना जादा ओलाव्याने बुरशी लागली. तिथले अंतराळवीर स्कॉट केली यांनी पंख्याचा वेग वाढवला आणि ठरलेल्या वेळापत्रकाऐवजी झाडाकडे पाहून पाणी द्यायला सुरुवात केली. जानेवारी २०१६मध्ये फूल उमलले. तुम्हीही तेच करावे: पाणी सकाळी, बुंध्याशी, मातीत बोट घालून पाहिल्यावरच, आणि कुंड्या एकमेकींना खेटून ठेवू नयेत.

जागा निवडताना एक गोष्ट ध्यानात असू द्या. या महिन्यांत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणून दक्षिणेची गॅलरी उत्तम. सहा तास ऊन हवेच. त्याहून कमी उन्हात रोप लांबट आणि कमकुवत होते. दहा इंची कुंडीत माती, कुजलेले शेणखत आणि थोडी वाळू मिसळून भरा. बी अर्धा सेंटिमीटर खोल टाका, तीन-चार पेरा आणि सशक्त रोप तेवढे राखा. रोप वीतभर झाले की शेंडा खुडा. हात धजत नाही, हे मी जाणतो. पण झिनियाची पाने समोरासमोर जोडीने येतात, आणि खुडलेल्या जागेखालच्या जोडीच्या बेचक्यांतून दोन फांद्या फुटतात. पहिले फूल थोडे लांबते. पुढे फुले भरपूर येतात.

फूल आले की भिंग घेऊन बसा. ज्याला आपण एक फूल म्हणतो तो अनेक फुलांचा गुच्छ आहे. कडेची प्रत्येक रंगीत पाकळी हे स्वतंत्र फूल, आणि मधल्या भागावर उमलणाऱ्या पिवळ्या चांदण्या ही निराळी फुले. ती कडेकडून आत क्रमाने उमलतात आणि फुलपाखरे त्यांच्यासाठीच येतात. गुच्छ झाडावर पुरता वाळू द्या, मग एक कोरडी पाकळी ओढून पाहा. तिच्या बुडाशी बाणाच्या टोकासारखे चपटे बी चिकटलेले असते. ते कागदी पाकिटात ठेवून वर रंग आणि महिना लिहावा.

घरच्या बियांतून तोच रंग येईल अशी खात्री नाही, कारण कीटक परागांची सरमिसळ करतात. संकरित वाणाच्या बियांत तर अधिकच फरक पडतो. ठरावीक रंग हवा असेल त्यांनी बी विकत घ्यावे. ज्यांना कुतूहल आहे त्यांनी घरचेच पेरून कोणता रंग येतो याची नोंद ठेवावी, आणि झिनिया साधला की कॉसमॉस, झेंडू, सूर्यफूल यांकडे वळावे. ही सारी एकाच कुळातली असल्याने त्यांचा गुच्छही असाच वाचता येतो.