मद्यासक्ती

मद्यासक्ती : मद्यसेवनाने आपले शरीर, संसार आणि उपजीविका यांची हानी होत आहे हे पुरते उमजत असूनही, आणि ते थांबविण्याचा निश्चय वारंवार करूनही, ज्या अवस्थेत मनुष्याला तो निश्चय तडीस नेता येत नाही, ती अवस्था. हा दीर्घकाळ चालणारा, मधूनमधून ओसरणारा आणि पुन्हा उलटणारा विकार आहे. मद्य घेणारा प्रत्येक मनुष्य त्याने ग्रस्त असतो असे मात्र नव्हे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केंद्र शासनासाठी केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणानुसार १० ते ७५ वर्षे वयाच्या भारतीयांत मद्य घेणारे सुमारे १६ कोटी आहेत. त्यांपैकी ज्यांचे पिणे अपायकारक झाले आहे किंवा ज्यांना मद्यावाचून राहणेच अशक्य झाले आहे, असे लोक पावणेसहा कोटींच्या घरात जातात.

मद्यप्याकडे पापी, नादान किंवा दुबळ्या मनाचा मनुष्य म्हणून पाहण्याची रीत फार जुनी आहे, आणि ती आजही आपल्या घराघरांत जिवंत आहे. ब्रिटिश आरमारातील वैद्य टॉमस ट्रॉटर यांनी १८०४ मध्ये अतिमद्यपान हा मनाचा रोग असल्याचे प्रतिपादन केले. स्वीडनचे माग्नुस हुस यांनी १८४९ मध्ये जीर्ण मद्यविकाराचे पद्धतशीर वर्णन केले आणि अमेरिकेत ई. एम. जेलिनेक यांनी १९६० मध्ये रोगाच्या या संकल्पनेस ग्रंथरूप दिले. सध्याच्या निदानपद्धतीत मद्याच्या मापापेक्षा मनुष्य व मद्य यांच्यामधील संबंध पाहिला जातो : अनावर ओढ, ठरविल्यापेक्षा जास्त पिणे, पूर्वीइतक्याच परिणामासाठी अधिकाधिक मात्रा लागणे, न घेतल्यास होणारा त्रास, आणि कामधंदा, नातीगोती व छंद मागे पडून दिवसाचा बहुतेक भाग पिण्यात अथवा पिण्याची तजवीज करण्यात जाणे. अशा ११ निकषांपैकी दोन किंवा अधिक १२ महिन्यांच्या अवधीत आढळले, तर अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या वर्गीकरणानुसार विकाराचे निदान होते.

कारणे : या विकाराचे एकच एक कारण शोधू जाणे व्यर्थ आहे. जुळ्या भावंडांच्या आणि दत्तक मुलांच्या अभ्यासांवरून असे दिसते की, या विकाराकडे असलेल्या कलाचा सुमारे निम्मा भाग आनुवंशिक असतो. मद्यपी पित्याचा मुलगा परक्या, निर्व्यसनी घरी वाढला तरी त्याचा धोका इतरांहून अधिकच राहतो. परंतु निम्मा वाटा म्हणजे विधिलिखित नव्हे. उरलेला भाग कोवळ्या वयात लागलेली सवय, बालपणी सोसलेला आघात, न ओळखलेले नैराश्य, मद्याची सुलभता आणि सोबत यांनी घडतो. अंगमोड कष्टाच्या किंवा घाणीच्या कामात, जेथे इंद्रिये बधिर केल्यावाचून काम होत नाही, तेथे मद्य हे कामाच्या हत्याराइतकेच नित्याचे होऊन बसते, आणि अशा कामगाराला केवळ संयमाचा उपदेश करणे हा त्याच्यावरील अन्याय होय. राम गणेश गडकरी यांच्या ‘एकच प्याला’ (१९१९) या नाटकातील सुधाकर हा बुद्धिमान व मानी वकील सनद स्थगित झाल्याच्या अपमानाने पोळतो, आणि त्याच घटकेस तळीराम त्याच्या हाती पेला देतो. मानखंडना, विरंगुळ्याची निकड आणि हाताशी असलेला सोबती यांचा हा संयोग आजच्या चिकित्सकाला रुग्णाच्या पूर्ववृत्तात पुन:पुन्हा भेटतो.

मेंदूमध्ये काय घडते हे आता बऱ्याच अंशी कळले आहे. जेम्स ओल्ड्स व पीटर मिल्नर यांनी १९५४ मध्ये कॅनडात दाखवून दिले की, मेंदूच्या विशिष्ट भागाला विजेचे सूक्ष्म उद्दीपन मिळते असे दिसल्यावर उंदीर ते मिळविण्यासाठी कळ अखंड दाबत राहतो. अन्न, सहवास, यश यांनी जागे होणारे हेच प्रेरणामंडल मद्य डोपामिनच्या द्वारे उद्दीपित करते, आणि ठरावीक वेळ, ठरावीक नाका, ग्लासांचा आवाज यांचीही त्याच्याशी गाठ पडते. म्हणून वर्षानुवर्षे न प्यालेल्या मनुष्यालाही गुत्त्यावरून जाताना तीव्र ओढ लागते. दुसरीकडे, मद्य चेतापेशींना शांत करणाऱ्या गाबा या द्रव्याचे कार्य वाढविते व उत्तेजक ग्लुटामेटचे दाबते. त्याची भरपाई म्हणून मेंदू आपली उत्तेजना चढती ठेवू लागतो. मद्य अकस्मात बंद झाले की ही चढती उत्तेजना मोकाट सुटते.

वियोगलक्षणे : रोज पिणाऱ्याचा शेवटचा घोट होऊन सहा-आठ तास लोटले की बोटे थरथरू लागतात, चहाची बशी दोन्ही हातांनी धरावी लागते, घाम सुटतो, मळमळते, झोप उडते, आणि एक घोट घेताच हे सारे शमते, म्हणून तो पहाटेच घराबाहेर पडतो. पहिल्या दोन दिवसांत अपस्मारासारखे झटके येऊ शकतात. दोन ते चार दिवसांच्या सुमारास काहींना कंपोन्माद होतो : दिवस-रात्रीचे भान सुटते, भिंतीवर किडे दिसतात, रुग्ण हवेतून अदृश्य दोरे उपटू लागतो, ताप व नाडी चढते. योग्य उपचार न मिळाल्यास यात मृत्यू येऊ शकतो. म्हणून ‘आजपासून थेंबही नाही’ असे वचन घेऊन घरच्यांनी जुन्या मद्यपीला खोलीत कोंडून ठेवणे ही माया नसून जिवावरची जोखीम आहे. रुग्णालयात क्लोरडायझेपॉक्साइड वा डायझेपाम यांसारखी औषधे उतरत्या मात्रेने देऊन मेंदू शांत केला जातो, आणि थायमिन म्हणजे ब-१ जीवनसत्त्व टोचले जाते; हे जीवनसत्त्व न देता नुसते ग्लुकोज दिल्यास आधीच उपाशी असलेल्या मेंदूस कायमची इजा होण्याचा संभव असतो.

उपचार : विषनिर्मूलनाचे हे सात-आठ दिवस म्हणजे उपचार नव्हे, उपचार त्यानंतर सुरू होतात. नॅल्ट्रेक्सोन व अकॅम्प्रोसेट ही औषधे ओढ कमी करण्यास साहाय्य करतात. १९४८ पासून वापरात असलेले डायसल्फिरॅम मद्याच्या विघटनात अडथळा आणते. ते घेतलेल्याने मद्य प्याल्यास चेहरा लाल होतो, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. रुग्णाने समजूनउमजून घ्यावे असे हे औषध आहे. ‘नकळत दारू सोडवा’ अशा जाहिरातींना भुलून भाजीत किंवा आमटीत गुपचूप औषधे कालविण्याचे प्रकार आपल्याकडे होतात, त्यांचा येथे स्पष्ट निषेध केला पाहिजे, कारण औषध पोटात आहे हे ठाऊक नसलेला मनुष्य पिणारच, आणि ते त्याच्या प्राणावर बेतू शकते.

औषधांहून अवघड भाग मनाचा व सोबतीचा. १९३५ मध्ये अमेरिकेतील अ‍ॅक्रन येथे बिल विल्सन व डॉ. बॉब स्मिथ या दोन मद्यपींनी सुरू केलेली अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही संघटना ‘फक्त आजचा दिवस’ या सूत्राने चालते. तिच्या मराठी सभाही गावोगावी भरतात. पुण्यात डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये, पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांच्या साहाय्याने, येरवडा मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. गर्द या मादक पदार्थाने ग्रासलेल्या तरुणांविषयीचे अवचटांचे लेखन ही त्यामागील प्रेरणा होती; पुढे दारूचे रुग्णही तेथे मोठ्या संख्येने येऊ लागले. येथे रुग्णाला ‘रुग्णमित्र’ म्हणतात, पाच आठवड्यांच्या मुक्कामात योग, गटचर्चा, समुपदेशन व श्रम यांचा दिनक्रम असतो, बरे झालेले जुने रुग्ण नव्यांना सांभाळतात, आणि रुग्णांच्या पत्नींसाठीही स्वतंत्र गट चालतो. ही शेवटची बाब फार मोलाची आहे, कारण नवरा शुद्धीवर आला तरी अनेक वर्षे त्याचे खोटे झाकणारी, उसनवारी फेडणारी आणि रात्री दारापाशी जागणारी स्त्री आपोआप मोकळी होत नाही. पुन्हा पिणे, ज्याला रुग्ण आपसांत ‘स्लिप’ म्हणतात, हे मधुमेहात साखर पुन्हा वाढण्यासारखे आहे. त्यावरून रुग्णाला खोटारडा ठरवून हाकलून देण्यापेक्षा उपचाराची दिशा बदलणे हाच शास्त्रीय मार्ग होय.

शासन आणि मद्य : मुंबई इलाख्यातील १८७८ च्या अबकारी कायद्याने मद्य हे सरकारी महसुलाचे मोठे साधन बनले, स्वातंत्र्यानंतर १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने नेमकी उलट दिशा धरली, आणि १९६० नंतरच्या दशकात ती शिथिल झाली. गडचिरोलीत डॉ. राणी व अभय बंग आणि स्थानिक लोकचळवळ यांच्या प्रयत्नाने १९९३ मध्ये जिल्हा दारूबंदी लागू झाली. राज्याच्या नियमांनुसार महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी मतपत्रिकेवरील ‘आडव्या बाटली’ला मत दिल्यास गावातील दुकान बंद होते. बंदीने उपलब्धता घटते, तथापि आधीच आसक्त झालेल्यास तिने उपचार मिळत नाहीत, आणि चोरट्या मार्गाने येणाऱ्या दारूत मिथेनॉल असल्यास किती घात होतो हे मालाड-मालवणीत २०१५ मध्ये दिसले. तेथे शंभराहून अधिक माणसे दगावली.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मद्य व मादक पदार्थांच्या वापराशी निगडित अवस्थांचा मानसिक आजारांत समावेश केला आहे. मद्यपीसही उपचाराचा हक्क त्यामुळे लाभतो. उपचार मात्र पोहोचत नाहीत : वर उल्लेखिलेल्या सर्वेक्षणात मद्यावलंबी ३८ व्यक्तींपैकी एकालाच काही उपचार मिळाल्याचे आढळले. गोव्यात ‘संगत’ या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत अपायकारक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांवर केलेल्या चाचणीत, वैद्यकीय पदवी नसलेल्या परंतु नीट प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी जास्तीत जास्त चार बैठका घेतल्या. केवळ नेहमीची वैद्यकीय सेवा मिळालेल्यांपेक्षा या पुरुषांत पिणे आटोक्यात आलेल्यांचे प्रमाण अधिक होते, आणि वर्षभरानंतरही हा फरक टिकून राहिला.