काडतूस पुनर्भरण
झाडलेल्या काडतुसाच्या पितळी पुंगळीत नवी टोपी, दारू व गोळी बसवण्याची क्रिया. जुन्या रिव्हॉल्व्हरसाठी ती विशेष जोखमीची. काळ्या दारूसाठी घडवलेल्या सिलिंडरला धूरविरहित दारूचा जादा दाब पेलेलच असे नाही. सिलिंडर फुटला, तर झाडणाऱ्याचे हात व डोळे जाऊ शकतात. चुकून दुप्पट दारू पडणेही तितकेच घातक. भारतात ही घरगुती छंदाची बाब मुळीच नव्हे: शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार परवान्याविना दारूगोळा बनवणे बेकायदा आहे. दारूला लागू असलेल्या स्फोटके अधिनियम, १८८४ ची अंमलबजावणी पाहणाऱ्या ‘पेसो’ या केंद्रीय संघटनेचे मुख्यालय नागपुरात आहे. महाराष्ट्रात काडतुसे खडकी (स्थापना १८६९) व वरणगाव येथील कारखान्यांत बनतात.