क्षितिजावरचें चंद्रग्रहण

मराठी पंचांगांत ग्रहणांच्या वर्णनांत 'ग्रस्तोदित' आणि 'ग्रस्तास्त' असे दोन शब्द आढळतात. चंद्र ग्रासलेल्या स्थितींत उगवला तर तें ग्रहण ग्रस्तोदित. ग्रासलेलाच मावळला तर ग्रस्तास्त. अशा क्षितिजाला टेकलेल्या ग्रहणानें यूरोपांतील ज्योतिष्यांना शतकानुशतकें एका पेचांत टाकलें होतें. तो पेच कसा सुटला याचा इतिहास मनोरंजक आहे.

चंद्रग्रहण म्हणजे चंद्रावर पडलेली पृथ्वीची छाया, हें ज्ञान प्राचीन आहे. त्या छायेची वाटोळी कड पाहून ॲरिस्टॉटलनें पृथ्वी गोल असल्याचें अनुमान बांधलें, इ. स. ४९९ च्या सुमारास आर्यभटानेंही ग्रहणाचें कारण छाया हेंच सांगितलें. आतां छाया पडावयाची तर सूर्य आणि चंद्र यांच्या बरोबर मध्यें पृथ्वी हवी. अर्थात् एक क्षितिजाच्या वर असेल तर दुसरा खालींच असला पाहिजे. परंतु इ. स. च्या पहिल्या शतकांत रोमन ग्रंथकार प्लिनी लिहून ठेवतो कीं, एकदां पश्चिमेस चंद्राला ग्रहण लागलेलें असतां सूर्यही क्षितिजावर दिसत होता! ही हकीकत खरी मानावी, तर छायेचा सिद्धांतच डळमळतो. क्लिओमिडीझ या ग्रीक लेखकानें ही कथा ज्योतिष्यांना कोंडींत पकडण्यासाठीं रचलेली असावी, असें म्हणून ती प्रथम झटकून टाकली. तथापि त्यानें तोडगाही सुचविला. भांड्याच्या तळाशीं ठेवलेली आंगठी कांठामुळें दिसत नसेल, तर पाणी ओततांच ती दिसूं लागते. त्याचप्रमाणें दमट हवेंतून क्षितिजाखालचा सूर्य वर आल्यासारखा दिसत असेल.

हा तर्क पडताळून पाहण्यास उत्तरेकडील देश अधिक सोयीचे. उन्हाळ्यांत सूर्य उत्तरेस असतो, म्हणून त्याच्या समोरचा पौर्णिमेचा चंद्र दक्षिणेस असतो आणि उत्तरेकडील लोकांना तो क्षितिजाजवळूनच जातांना दिसतो. शिवाय तेथें सूर्य-चंद्र सरळ वर न चढतां तिरप्या मार्गानें रेंगाळत चढतात. त्यामुळें क्षितिजाजवळच्या चमत्कारास कांहीं मिनिटें अधिक मिळतात.

सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धांत ह्वेन बेटावर, सुमारें ५६ उत्तर अक्षांशावर, टायको ब्राहे वेध घेत होता. क्षितिजाजवळ वेध चुकतात हें जाणून त्यानें वक्रीभवनाचें कोष्टक तयार केलें. त्यांत क्षितिजावरील सूर्यासाठीं त्यानें ३४ कला धरल्या. आजचें मूल्य सुमारें ३५ कला आहे. सूर्यबिंबाचा व्यास सुमारें ३२ कला. म्हणजे सायंकाळीं ज्या क्षणीं बिंबाची खालची कड क्षितिजाला टेकलेली दिसते, त्या क्षणीं तें सबंध बिंब वस्तुतः मावळलेलें असतें! समोरच्या चंद्राचीही अशीच उचल होते. छाया खोटी नव्हती. हवा किरणांना वांकवीत होती.

१७ जुलै १५९० रोजीं जर्मनींतील ट्युबिंगेन येथें केप्लरचा गुरु मेस्टलिन यानें असें ग्रहण पाहिलें. १६०४ च्या आपल्या प्रकाशशास्त्रावरील ग्रंथांत केप्लरनें या प्रश्नाचा ऊहापोह केला, आणि खग्रास चंद्र तांबूस कां दिसतो याचेंही उत्तर त्याच वक्रीभवनांत शोधलें. पृथ्वीच्या हवेंतून वळलेला सूर्यप्रकाश छायेंत शिरून चंद्रापर्यंत पोहोंचतो. पुढें १६ जून १६६६ रोजीं तस्कनीच्या समुद्रांतील गॉर्गोना बेटावरून आणि २६ मे १६६८ रोजीं पॅरिसजवळच्या माँमार्त्र टेकडीवरून असेच वेध घेण्यांत आले. बेट आणि टेकडी ह्या जागा उघड्या क्षितिजासाठीं किती योग्य, हें निराळें सांगावयास नको.

स्थळभेदानें एकच ग्रहण किती निराळें दिसतें, याचें उदाहरण २७-२८ जुलै २०१८ चें. त्याची खग्रास स्थिति १०३ मिनिटें टिकली. मुंबईच्या आकाशांत चंद्र तेव्हां सुमारें पन्नास अंश उंच होता. लंडनमध्यें तो खग्रास स्थितींतच उगवला. आणि स्वालबार्ड बेटांवर, जेथें त्या दिवसांत सूर्य मावळतच नाहीं, तेथें तो उगवलाच नाहीं.

प्लिनीची गोष्ट खोटी नव्हती, आणि छायेचा सिद्धांतही खोटा नव्हता. मध्यें जी हवा होती, तिचा विचार राहून गेला होता. एखादें निरीक्षण सिद्धांताशीं जुळत नाहीं म्हणून तें नाकारणें सोपें असतें. परंतु त्याची नीट चौकशी केल्यानेंच छायेचा सिद्धांत अधिक बळकट झाला आणि वातावरणाचा एक नवा गुणधर्म मनुष्याच्या हातीं आला.