कोचीचे तीन वैद्य, एक नागरी पत्र व शीत देशांतील तृणद्रुम

१. ‘होर्तुस मलबारिकुस’ म्हणजे ‘मलबारचें उद्यान’ ह्या ग्रंथाचें नांव जुन्या ग्रंथांच्या संग्राहकांस नवीन नाहीं. डच ईस्ट इंडिया कंपनीचा मलबारांतील मुख्याधिकारी हेंद्रिक फान रेडे यानें तो सिद्ध करविला, व १६७८ पासून १६९३ पर्यंत त्याचे बारा खंड आम्सटरडाम येथें लॅटिन भाषेंत छापून निघाले. त्यांत सुमारें साडेसातशें वनस्पतींचीं वर्णनें असून प्रत्येकीचें मोठें ताम्रपटावरील चित्र आहे. पहिल्या खंडाच्या आरंभीं नागरी लिपींतील एक पत्र कोरून छापलेलें आढळतें. जुन्या नागरी छापाचा एक नमुना एवढ्याच नात्यानें पुष्कळदां त्याचा उल्लेख होतो. आमच्या मतें ह्या पत्राचें महत्त्व याहून पुष्कळ अधिक आहे. उष्ण देशांतील झाडें शीत देशांत बीजापासून वाढविण्याचा जो उद्योग सतराव्या शतकांत हॉलंडांत चालला होता, त्या उद्योगांतील साक्षीपुराव्याचा तो एक मुख्य कागद आहे. हें कसें, तें पुढील विवेचनांत दाखवूं.

२. प्रथम पत्राचा परिचय करून घेऊं. पत्र एप्रिल १६७५ मधील असून त्यावर रंग भट, विनायक पंडित व आपु भट अशीं तीन नांवें आहेत. हे तिघे कोचीस राहणारे कोंकणी ब्राह्मण वैद्य. सोळाव्या शतकांत पोर्तुगीजांच्या जाचास कंटाळून गोमंतकांतून अनेक कुटुंबें दक्षिणेस गेलीं व कोचीच्या राजाच्या आश्रयास राहिलीं. त्याच समाजांतले हे होत. पत्राची लिपि नागरी, भाषा कोंकणी. त्यांतील आशय थोडक्यांत असा कीं, अधिकाऱ्याच्या आज्ञेवरून आम्हीं सतत दोन वर्षें सकाळ-संध्याकाळ बसून मलबारांतील वृक्ष, वेली, औषधी, त्यांचीं फुलें, फळें, बीजें व त्यांचे गुण हे आमच्या निघंटूच्या आधारें तपासून सांगितले. ह्याच खंडांत इट्टी अच्युतन् या मलबारी वैद्याचेंही मलयाळी लिपींतील पत्र आहे. दुभाष्याचें काम इमानुएल कार्नेरो यानें केलें. मलयाळींतून पोर्तुगीज, पोर्तुगीजांतून डच व शेवटीं लॅटिन असा ह्या माहितीचा प्रवास झाला. चित्रांवर वनस्पतींचीं नांवें रोमन, मलयाळी, अरबी व नागरी अशा चार लिप्यांत कोरलीं आहेत. इतक्या हातांतून गेलेल्या माहितींत नांवांची गफलत होण्याचा संभव मोठा. म्हणूनच प्रत्येक लिपींत मूळ नांव जपून ठेवण्याची योजना केलेली दिसते.

३. ग्रंथाचा आरंभ नारळापासून होतो, आणि त्यामागोमाग पोफळ, ताड, भेरली माड हे वृक्ष येतात. तिसऱ्या खंडांत श्रीताल व रानखजूर म्हणजे आपली शिंदी यांचीं चित्रें आहेत. संस्कृत पंडितांस हा क्रम ओळखीचा वाटेल. अमरसिंहानें वनौषधिवर्गाच्या अखेरीस नारळ, पोफळ, हिंताल, खर्जूर, ताली, खर्जूरी हीं नांवें एकत्र आणून ‘तृणद्रुम’ अशी संज्ञा दिली आहे. ह्या झाडांस साल व गाभा असे भेद नसतात, खोडांत वर्षावर्षांचीं वलयें पडत नाहींत, आणि उगवतांना त्यांस गवताप्रमाणें एकच दल असतें. अर्वाचीन वनस्पतिशास्त्रही ताड-माडांस व गवतास एकदल वर्गांतच घालतें. कोशकारानें केतकीही त्यांतच घातली आहे, व तीही एकदलच होय. तेव्हां ‘तृणद्रुम’ हा शब्द अलंकारिक नसून निरीक्षणावर उभा आहे. पुढें ह्या लेखांत आम्ही तोच वापरूं.

४. आतां बीजाची अडचण पाहूं. सर्व बीजें एका जातीचीं नसतात. गहूं, ज्वारी, हरभरा यांचें बीज वाळवून कणगींत ठेवलें तर पुढच्या सालीं उगवतें. नारळ व पोफळ यांचें बीज मात्र ओलाव्यावरच जगतें. वाळलें कीं मेलें. नारळास तर विश्रांतीच ठाऊक नाहीं. तो ठेवल्या जागीं मोड काढतो. उलट खजुराचें बीज फार चिवट. यहुदी देशांतील मसादा दुर्गाच्या उत्खननांत सांपडलेलें, सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीचें खजुराचें एक बीज २००५ मध्यें पेरलें असतां उगवलें, हें जुन्या वस्तूंच्या शोधकांनीं ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. आमच्या पाचोडच्या परिसरांतील बागाईतदारासही हा बीजभेद अनुभवानें ठाऊक आहे. मोसंबीचें नांवच मुळीं आफ्रिकेंतील मोझांबिकवरून पडलेलें, म्हणजे तें झाडही येथें पाहुणें. तें जंभेरीच्या खुंटावर डोळा भरून तयार करतात. खुंटासाठीं जंभेरीचें बीज फळांतून काढून, धुऊन, लागलेंच पेरावें लागतें. उन्हांत वाळूं दिलें तर उगवण बुडते. ओढ्याकांठची शिंदी मात्र पक्ष्यांनीं टाकलेल्या आंठळीपासून कोणी न लावतां वाढते.

वराहमिहिराच्या बृहत्संहितेंतील वृक्षायुर्वेद नामक अध्यायांत बीजसंस्काराचा विधि दिला आहे. बीज दहा दिवस दुधांत भिजवावें, तुपाच्या हातानें चोळावें, शेणांत घोळावें, धुरी द्यावी व मग सिद्ध केलेल्या भूमींत पेरावें, असा तो क्रम आहे. ह्यांतील धुरीचे पदार्थ आज कोणी वापरणार नाहीं; पण भिजवणें, पृष्ठ मऊ करणें व उबेचें आवरण देणें हें तत्त्व तृणद्रुमांच्या बीजास आजही लागू आहे. गर पूर्ण काढून टाकावा, पाणी बदलीत कांहीं दिवस भिजत ठेवावें, खोल भांड्यांत पेरावें व तळाशीं तीस अंशांच्या आसपास ऊब ठेवावी, हा आजचा प्रघात. भांडें खोल कां, तर ताड व खजूर यांच्या बीजांतून प्रथम एक देंठ खालीं जमिनींत उतरतो आणि कोंब त्याच्या टोंकाशीं, बीजापासून दूर फुटतो. वर कांहीं दिसत नाहीं म्हणून उतावळा माळी उकरतो आणि रोप मारतो. धीर धरणें हाही येथें संस्कारच होय.

५. मलबारांतून हॉलंडास जहाज जाण्यास त्या काळीं सहा ते आठ महिने लागत. विषुववृत्त ओलांडावें, आफ्रिकेच्या टोंकास वळसा घालावा, पुन्हा विषुववृत्त ओलांडून उत्तर समुद्राच्या थंडींत शिरावें. इतक्या अवधींत पोफळाच्या बीजाची काय अवस्था होईल तें वर सांगितलेंच आहे. जें बीज जिवंत पोंचे त्यास पुढें हिवाळा. तेथील कालवे गोठतात. १६८३-८४ चा हिवाळा तर सबंध युरोपांत कडक म्हणून प्रसिद्ध आहे. ह्यावर डचांनीं तोड काढली ती शेगडीनें तापविलेल्या घरांची. आम्सटरडामचें औषधी-उद्यान १६३८ मध्यें स्थापन झालें व १६८२ मध्यें नव्या जागीं गेलें. त्याचा एक व्यवस्थापक यान कोमेलिन हाच फान रेडेच्या ग्रंथाचा टीपाकार होता. कातडें कमावून उरलेली ओक झाडाची साल खड्ड्यांत भरीत. ती कुजतांना महिनेच्या महिने मंद ऊब देते. त्या खड्ड्यांत कुंड्या पुरीत. १६८७ च्या सुमारास आग्नेस ब्लॉक नांवाच्या एका बाईनें हॉलंडांत अननसास फळ आणलें.

याहून बोलका दाखला लिनियसचा. डच कंपनीच्या संचालकांपैकीं क्लिफर्ड याच्या हार्टेकांप येथील बागेंत केळीस फूल येईना. लिनियसनें ती सकस मातींत लावविली, कांहीं आठवडे पाणी तोडलें, आणि मग पावसाळा लोटावा तसें भरपूर पाणी दिलें. केळ फुलली, व १७३६ मध्यें त्यानें तिच्यावर एक स्वतंत्र पुस्तिकाच लिहिली. केळ बीजावर लावीत नाहींत, मुनव्यांवर लावतात, हें खरें. तथापि येथें लक्ष देण्याची गोष्ट निराळी आहे. त्यानें केवळ ऊब दिली नाहीं. आपल्या देशांतील उन्हाळा व मृग यांचा क्रमच कांचेच्या घरांत उभा केला. झाडास देश हवा असतो म्हणजे काय, हें त्यास कळलें होतें.

६. येथें नागरी पत्राचा संबंध येतो. तृणद्रुमाचें रोप लहानपणीं गवताच्या पात्यासारखें असतें. पुष्कळ वर्षें त्याचें पान अखंड किंवा दुभंगलेलें राहतें. शेगडीच्या घरांत उगवलेलें असें पातें कोणत्या झाडाचें, हें पाहून सांगणें जवळ जवळ अशक्य. फूल-फळ येईतों थांबावें, तर घराची उंची पुरत नाहीं. श्रीतालाची गोष्ट तर विचारूंच नये. तो तीस ते ऐशीं वर्षांनीं एकदांच फुलतो व फळ पक्व झालें कीं मरतो. म्हणजे बागेंत रोप होतें, पण त्यास ओळख नव्हती. ओळख होती ती ग्रंथांत. पूर्ण वाढलेला वृक्ष, त्याचें फळ, त्याचें बीज व त्याचें देशी नांव हीं एकत्र बांधून देणारा पुरावा कोचीच्या वैद्यमंडळानें पुरविला. लिनियसनें हिंदुस्थान कधीं पाहिला नाहीं. तरी १७५३ च्या आपल्या ग्रंथांत ताड व श्रीताल यांस त्यानें शास्त्रीय नांवें दिलीं तीं मुख्यतः ह्याच चित्रांच्या भरंवशावर. ज्या श्रीतालाच्या पत्रांवर दक्षिणेंतील पोथ्या लिहिल्या गेल्या, त्याची ओळख पश्चिमेस अशी कागदावरून झाली. तेव्हां तिघांचें तें पत्र म्हणजे शोभेचा लेख नव्हे, तर जबानी आहे: आम्हीं पाहिलें, पडताळलें, सांगितलें.

७. उष्ण देशांतील झाड थंड देशांत नेण्याची कल्पना मात्र डचांची नव्हे. बाबरानें १५०८-०९ मध्यें काबूलकडील मुलुखांत बाग-इ-वफा घातली. तींत प्रथम ऊंस लावला, आणि लाहोर व दीपालपूर घेतल्यावर १५२४ च्या सुमारास हिंदुस्थानांतून केळी नेऊन लावल्या. दोन्ही चांगलीं वाढलीं असें तो आपल्या आत्मवृत्तांत समाधानानें नमूद करतो. मात्र त्याच्या माळ्यांचीं नांवें त्यांत नाहींत.

८. महाराष्ट्रापुरतें पाहतां उलट दिशेचा एक दाखला विचारांत घ्यावा लागतो. मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या काळीं, १८२८ मध्यें, पुण्याजवळ दापोडी येथें सरकारी वनस्पति-उद्यान सुरू झालें. पुढें डॉक्टर अलेक्झांडर गिब्सन याच्या देखरेखीखालीं देशी व परदेशी झाडांचीं रोपें तेथें वाढविलीं जात. १८४७ ते १८५० च्या दरम्यान त्यानें तेथील झाडांचीं चित्रें काढविलीं. तीं आज स्कॉटलंडांत एडिंबरो येथील राजकीय वनस्पति-उद्यानाच्या संग्रहीं आहेत. चित्रकार पोर्तुगीज वंशाचा हिंदी होता एवढें कळतें. त्याचें नांव कोणीं लिहून ठेवलें नाहीं. ह्याच सुमारास, १८४८ मध्यें, लंडनजवळ क्यू येथें तृणद्रुमांसाठीं लोखंड व कांच यांचें प्रचंड घर बांधून पुरें झालें, आणि उंचीची जुनी अडचण बऱ्याच अंशीं दूर झाली. घरें मोठीं होत गेलीं, झाडें उंच होत गेलीं. देशी सहायकांचीं नांवें मात्र कागदावरून गळत गेलीं. १६७५ मध्यें तीन वैद्यांस स्वतःच्या लिपींत, स्वतःच्या भाषेंत सही करावयास मिळाली. पावणेदोनशें वर्षांनीं पुण्याच्या पायथ्याशीं काम करणाऱ्या कलावंतास तेवढेंही मिळालें नाहीं. ह्या तुलनेंत फान रेडेचें मोठेपण दिसून येतें. तो १६९१ मध्यें सुरतेस जात असतां मुंबईच्या किनाऱ्यालगत समुद्रावर वारला व सुरतेस पुरला गेला. ग्रंथाचे शेवटचे भाग त्यास पाहावयास मिळाले नाहींत.

९. निष्कर्ष असा: शीत देशांत तृणद्रुम वाढविण्यास तीन गोष्टी लागल्या, जिवंत बीज, कृत्रिम ऊब व निश्चित ओळख. पहिली जहाजावरील लोकांच्या काळजीवर अवलंबून, दुसरी डचांच्या कल्पकतेची, आणि तिसरी बव्हंशीं मलबारी व कोंकणी वैद्यांची देणगी. तिसरीचा पुरावा सुदैवानें छापून राहिला. केरळ विद्यापीठानें २००३ मध्यें सर्व खंडांचें इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केल्यामुळें आतां तो सर्वांस सुलभ आहे.

संग्राहकांस आमची एक विनंति आहे. सनदा, महजर व वंशावळी यांच्या जोडीनें जुन्या दप्तरांत बागांचे हिशेब, रोपांच्या व बियाण्यांच्या याद्या, माळ्यांच्या मुशाहिऱ्यांचे तपशील असे कागद येतात. ते क्षुल्लक समजून रद्दींत जातात. पैठणच्या जुन्या घराण्यांत वैद्यकाच्या पोथ्या जपलेल्या असतील, तर त्यांच्या समासांतील टीपाही वाचून पाहाव्या. कोणतें बीज कोठून आलें, कधीं पेरलें, उगवलें कीं नाहीं, अशी एखादी ओळ तेथें असणें अशक्य नाहीं. बीज वाळलें कीं मरतें. नांव लिहिलें नाहीं तर तेंही मरतें. पहिल्यावर उपाय माळ्याच्या हातीं, दुसऱ्यावर आपल्या. ज्यांस असे कागद सांपडतील त्यांनीं ते नकलून ह्या त्रैमासिकाकडे धाडावे, व मूळ प्रत जेथें असेल तेथें कोरडी व वाळवीपासून दूर ठेवावी.