पडद्यामागच्या हातांचा मान

मालिका बघताना नटीची साडी आपल्या डोळ्यांत भरते. ती शिवणारी, आवाज टिपणारी माणसं दिसत नाहीत. अमेरिकेत त्यांनाही 'एमी' पुरस्कार मिळतो.

पहिला एमी सोहळा २५ जानेवारी १९४९ रोजी लॉस एंजेलिसला झाला. पुरस्काराचं नावच यंत्रावरून आलं. तेव्हाच्या टीव्ही कॅमेऱ्यात चित्र पकडणारी नळी असे, तिला तंत्रज्ञ 'इमी' म्हणत. मूर्ती बाईची ठरली, म्हणून 'इमी'ची 'एमी' झाली. पाठीला कलेचे पंख, हातात विज्ञानाचा अणू. ४७ नमुने नाकारल्यावर लुई मॅकमॅनस या इंजिनिअरचा नमुना पसंत पडला. त्यानं ती घडवली आपल्या बायकोवरून, डोरोथीवरून. तिचं रूप जगभर पोचलं. नाव किती जणांना ठाऊक?

आजही संकलन, ध्वनी, वेशभूषा यांचे बहुतेक एमी मुख्य सोहळ्याआधी, वेगळ्या दिवशी देतात.

आपल्या बचत गटातही कर्जाचा चेक घेताना फोटो अध्यक्षांचा निघतो. हिशेबाची वही लिहिणारी, दारोदार हप्ते गोळा करणारी मागेच राहते. म्हणून आम्ही ठरवलंय, यंदाच्या वार्षिक सभेत त्यांची नावं आधी पुकारायची, तीही मुख्य कार्यक्रमातच. तुमच्या गटात कोणाचं नाव घ्याल?